तिरकी रेघ

त्या शब्दाची ओळख झाली ती पावावरून.
'नो केदो पान,' एदेलमिरा म्हणाली,
टोपलीवरचं फडकं उचलून.
मी वहीत लिहिलं: केदो, म्हणजे उरला. भूतकाळ.
आणि दोन उकडलेल्या बटाट्यांवर निजलो.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या रुदेसिंदोने होडी रंगवली,
अंड्याच्या बलकासारखी पिवळी.
ही खिडकीतूनच ओरडली, 'केदो लिंदा!'
होडी उरली? सुंदर उरली?
मी खोडलं. लिहिलं: झाली, जमली, साधली.
मग कळलं की खाणीतल्या सुरुंगानंतर
पाद्र्याचा भाऊ 'केदो सोर्दो',
बहिरा झाला, आणि तसाच राहिला.
वहीत जागा कमी पडायला लागली.

चिलोए बेटावर घरांना लाकडी खवले असतात.
जमिनीखाली भरती येते, ओहोटी जाते,
चुलीच्या कठड्यावर लोकर वाळत नाही.
माझं व्याकरणाचं पुस्तकसुद्धा फुगलं होतं दमटपणाने.
त्यात एका रकान्यात सगळं सरळ:
मी राहिलो, तू राहिलास, तो राहिला,
जणू राहणं सगळ्यांना सारखंच जमतं.

तिने चष्मा कपाळावर ढकलला,
विणायच्या सुईने त्या शेवटच्या ओवरची
तिरकी रेघ दाखवली.
ही नसली, तर 'मी राहते'. आत्ता. इथे.
ही असली, तर 'तो राहिला'.
एवढंच, म्हणाली,
आणि सुटलेले टाके मोजायला लागली.

ओनोफ्रेबद्दल मी विचारलं नव्हतं.
रुदेसिंदोनेच सांगितलं, जाळं सोडवता सोडवता.
ऑक्टोबरात पुरुष दक्षिणेला जायचे,
पातागोनियात मेंढ्या भादरायला,
आणि शेतातले बटाटे काढायच्या वेळी परतायचे.
ओनोफ्रे 'केदो एन बोल्वेर'.
मध्ये एवढासा 'एन' शिरला
की राहणं म्हणजे ठरणं.
येतो म्हणून बोलून गेला.
बोलणं पुरं झालं, तेवढंच क्रियापद सांगतं.
येण्याची जबाबदारी ते घेत नाही.

चौथ्या हंगामानंतर त्याच मळ्यावरचा एक माणूस आला,
टोपी हातात धरून दारातच म्हणाला, 'से केदो.'
तिथेच राहिला.
पुढे 'से' लागला की त्यात मर्जी येते, असं पुस्तक म्हणतं.
पण बुडालेल्या भावाबद्दल रुदेसिंदोही तेच म्हणतो:
समुद्रात राहिला.
मग कुठे? दुसऱ्या घरात, की मातीत?
तिने विचारलं नाही.
कॉफी दिली. साखर उरली नव्हती,
तेही त्याच शब्दात सांगितलं.
विचारलं असतं
तर दोन अर्थांतला एक त्या दारातच मेला असता.
एकतीस वर्षं दोन्ही जेवायला असतात घरात.

निघायच्या आदल्या रात्री
तिने स्वेटर माझ्या अंगात चढवला.
बाह्या बोटांच्याही खाली.
'ते केदो ग्रांदे,' मान तिरकी करून म्हणाली. मोठा झाला तुला.
मग, वाढशील.
मी एक्केचाळीस वर्षांचा होतो.
कोणाच्या मापाने विणला, हे मीही विचारलं नाही.

धक्क्यावर ती म्हणाली, 'केदामोस?'
हे रूप वर्तमानात असंच, भूतकाळातही असंच.
ठरवतोय का आपण?
की ठरलं होतं?
मी हो म्हणालो. फेरीच्या भोंग्यात
दोघांनाही नीट ऐकू आलं नाही.

आता माझ्या भाषेत मी एकच शब्द वापरतो.
जायचं राहिलं. पत्र टाकायचं राहिलं.
राहून गेलं, म्हणतो,
राहणं आणि जाणं एका दमात उरकून.

काल पुस्तक उघडलं.
त्या ओवर सुईचं भोक आहे.
रेघ त्यातून गळून गेली असावी.
आता तिथे 'तो राहिला' लिहिलंय
की 'मी राहते',
सांगता येत नाही.